रीलोडिंगच्या पुंगळ्यांसाठी घरी वंगण बनवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. झाडून झालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरताना (यालाच रीलोडिंग म्हणतात) लागणारे विकतचे वंगण संपल्यावर तुम्ही लॅनोलिन आणि ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल एकत्र करून स्प्रेच्या बाटलीत भरले. पहिल्या खेपेस ते सढळ हाताने फवारले तेव्हा पुंगळ्यांच्या खांद्यांवर, म्हणजे गोळी बसते त्या अरुंद मानेखालच्या उतरत्या भागावर, खळगे पडले. दुसऱ्या खेपेस हात आखडता घेतला, तर तिसरीच पुंगळी साइझिंग डायमध्ये (पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या पोलादी साच्यात) रुतून बसली आणि ती अजून तिथेच आहे. प्रमाण चुकले का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते प्रमाणाचा दोष यात सर्वांत कमी आहे. अल्कोहोलमधले पाणी आणि फवारल्यानंतरची घाई ही खरी कारणे असावीत. लॅनोलिनचे वंगण मी अनेक वर्षे घरीच बनवतो आणि सुरुवातीला या दोन्ही चुका मीही केल्या आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी हे वंगण नेमके काय काम करते ते पाहू, कारण ते ध्यानात आले की पुढची बरीचशी पथ्ये आपोआप कळतात. काडतुसाची पुंगळी ज्या पितळाची असते त्यात साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. गोळी झाडली जाते तेव्हा आतल्या दाबाने हे पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला टेकते, आणि दाब ओसरल्यावर थोडे मागे येते, पण मूळ मापावर येत नाही. साइझिंग डाय त्याला बाहेरून दाबून पुन्हा मापात आणते. या वेळी मऊ पितळ आणि कठीण पोलाद यांच्यामध्ये इतका दाब असतो की पातळ तेल तिथे टिकतच नाही, ते बाजूला ढकलले जाते. मग पितळाचे सूक्ष्म कण पोलादाला चिकटतात, त्या कणांना आणखी पितळ चिकटते, आणि पुंगळी डायमध्ये ढकलणाऱ्या प्रेसचा दांडा एकाएकी जड होतो. म्हणून येथे वाहते तेल उपयोगाचे नाही. दाबाखालीही धातूला धरून राहील असा मेणासारखा पातळ थर हवा.

लॅनोलिन हे मेंढीच्या लोकरीतून निघणारे मेणच आहे. त्याला लोकरीची चरबी म्हणण्याची पद्धत असली, तरी रासायनिक दृष्ट्या ती चरबी नव्हे. लांब साखळीची मेदाम्ले आणि स्टेरॉलसारखी अल्कोहोले यांची ती एस्टरे आहेत. या रेणूंची टोके धातूच्या पृष्ठभागाला चांगली चिकटतात, आणि थर इतका चिवट असतो की बोटाला जेमतेम जाणवेल एवढा असला तरी पुरतो. अल्कोहोल मात्र फक्त वाहून नेणारे आहे. ते स्वतः वंगण नाही. लॅनोलिन सर्व पुंगळ्यांवर सारखे पसरवून त्याने उडून जायचे असते. ते उडून जाण्याआधी पुंगळी डायमध्ये घातली, तर आपण मेणाऐवजी पातळ द्रावणावर विसंबतो, आणि द्रावण दाबाखाली टिकत नाही.

आता तुमचे ७० टक्क्यांचे अल्कोहोल. त्यातला उरलेला ३० टक्के भाग पाणी असतो. लॅनोलिन पाण्यात विरघळत नाही. उलट स्वतःमध्ये पाणी धरून ठेवते आणि त्याचे पांढरट लोण्यासारखे गोळे होतात. बाटली हलवली की सगळे एकजीव झाल्यासारखे दिसते, पण स्प्रेची नळी तळाशी किंवा मध्ये कुठेतरी असते आणि तिच्यातून कधी नुसते पाणीमिश्रित अल्कोहोल येते, तर कधी लॅनोलिनची गुठळी. पहिल्या दोन पुंगळ्यांना वंगण मिळाले आणि तिसरीला मिळाले नाही, याचा उलगडा बहुधा इथेच आहे. शिवाय अल्कोहोल उडून गेल्यावरही पाणी पुंगळीवर बराच वेळ राहते, तेव्हा पाच मिनिटे थांबूनही ती कोरडी होत नाही. म्हणून अल्कोहोल ९९ टक्क्यांचे घ्यावे. ते मिळालेच नाही तर ९१ टक्क्यांच्या अल्कोहोलवर काम भागते, फक्त थांबायचा वेळ वाढवावा लागतो. मिथेनॉल स्वस्त पडते आणि तितक्याच लवकर उडते, तरीही ते वापरू नका. त्याची वाफ आणि त्वचेतून होणारे शोषण दोन्ही विषारी आहेत, आणि या कामात हात आणि नाक दोन्ही जवळच असतात. हात धुण्याचे सॅनिटायझरही नको, कारण त्यात घट्टपणासाठी आणि त्वचेसाठी इतर पदार्थ मिसळलेले असतात व तेच मागे राहतात.

लॅनोलिन घेतानाही डब्यावरचे अक्षर नीट वाचावे. औषधी उपयोगासाठी मिळणाऱ्या एका प्रकारात सुमारे पाव भाग पाणी मुद्दाम मिसळलेले असते. आपल्याला निर्जल लॅनोलिन हवे. ते घट्ट, पिवळसर आणि अतिशय चिकट असते आणि साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सिअसला वितळते. द्रव लॅनोलिन नावाने मिळणारा प्रकार हा लॅनोलिनमधून वेगळा काढलेला पातळ भाग असतो. तो अल्कोहोलमध्ये अधिक सहज मिसळतो आणि थंडीत त्याचा गाळही कमी बसतो. निवड करता येत असेल तर मी द्रव प्रकार घेईन, पण निर्जल घट्ट लॅनोलिनने मी वर्षानुवर्षे काम केले आहे आणि त्यात कमतरता अशी काही जाणवली नाही. ज्यांना लोकरीची किंवा लोकरजन्य मलमांची ॲलर्जी आहे त्यांनी हातमोजे घालावेत, हे सांगून ठेवतो.

प्रमाण घनमापाने १ भाग लॅनोलिन आणि १२ भाग अल्कोहोल, म्हणजे ३० मिलिलिटर लॅनोलिनला ३६० मिलिलिटर अल्कोहोल. मोठ्या रायफलच्या पुंगळ्यांसाठी मी १ ला १० पर्यंत जातो, त्याहून दाट कधी करत नाही. दाट केल्याने वंगण वाढते हा समज चुकीचा आहे. वाढतो तो फक्त नंतर पुसायचा चिकटपणा, आणि स्प्रेचे तोंड बंद पडते ते वेगळेच. हिशेब केला तर हे लगेच पटते. ५० पुंगळ्यांवर ५ मिलिलिटर द्रावण फवारले, तर त्यात लॅनोलिन सुमारे ०.३६ ग्रॅम असते, आणि ते सगळेच्या सगळे पुंगळ्यांवर पडले असे धरले तरी एकेकीच्या वाट्याला ७ मिलिग्रॅम येते. प्रत्यक्षात बराच भाग ताटलीत जातो. इतक्या थोड्या मेणावर प्रेसचा दांडा लोण्यातून सुरी जावी तसा खाली येतो, हे पाहिल्यावर मला आजही गंमत वाटते.

मिसळताना विस्तवाचा संबंध कुठेही येऊ देऊ नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ज्वलनांक सुमारे १२ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे खोलीच्या साध्या तापमानालाच त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने टेबलावरून खाली उतरून जमिनीलगत लांबवर पसरते. लॅनोलिनची बाटली किंवा डबी ५० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात ठेवावी. पाणी आधी दुसरीकडे तापवून आणावे आणि चूल किंवा शेगडी बंद असावी. लॅनोलिन पातळ झाले की मापून बाटलीत ओतावे आणि त्यावर साधे, न तापवलेले अल्कोहोल घालून झाकण लावून दोनेक मिनिटे जोराने हलवावे. अल्कोहोल स्वतंत्रपणे तापवण्याची गरज नसते. द्रावण किंचित गढूळ राहिले किंवा रात्रभरात तळाशी गाळ बसला तर ते बिघडले असे समजू नका. निर्जल लॅनोलिनचा काही भाग गार अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. प्रत्येक वेळी वापरण्यापूर्वी बाटली हलवावी, आणि फवारणी चालू असतानाही अधूनमधून हलवत राहावे. थंडीत गाळ फार घट्ट झाला तर बाटलीचे झाकण सैल करून ती काही वेळ कोमट पाण्यात उभी करावी. बाटलीवर आतले पदार्थ आणि ज्वलनशीलतेची सूचना ठळकपणे लिहावी, आणि हे सर्व काम बंदुकीची दारू व प्रायमर (पुंगळीच्या बुडात बसणाऱ्या, दारू पेटवणाऱ्या टोप्या) ठेवलेल्या टेबलापासून दूर, खिडकी उघडी असलेल्या जागी करावे.

फवारण्याची माझी पद्धत अशी. पुंगळ्या आधी स्वच्छ केलेल्या असाव्यात. धूळ किंवा वाळूचा कण वंगणात बसला तर तो डायच्या आतल्या भिंतीवर कायमचा ओरखडा काढतो आणि मग प्रत्येक पुंगळीवर तीच रेघ उमटते. पुंगळ्या एका उथळ ताटात आडव्या पसरून दोनतीनदा फवारावे, ताट हलवून त्या लोळवाव्यात आणि पुन्हा एकदा फवारावे. नंतर त्या उभ्या करून वरून तिरप्या कोनात एक हलका फवारा द्यावा, म्हणजे थोडे वंगण मानेच्या आत जाते. आता थांबायचे. मी दहा मिनिटे थांबतो. दमट हवेत पंधरा. हवेचा झोत असेल तर पाच मिनिटांतही काम होते, पण घड्याळापेक्षा बोट अधिक विश्वासाचे. पुंगळी हातात घेतल्यावर ती ओली किंवा गार लागता कामा नये. बोट सरकताना किंचित चिकट आणि त्याच वेळी निसरडे वाटले पाहिजे. गार लागते आहे याचा अर्थ अल्कोहोल अजून उडतेच आहे.

खांद्यावरच्या खळग्यांचेही कारण यातच आहे. द्रवाला दाबून लहान करता येत नाही. जास्तीचे वंगण किंवा न उडालेले अल्कोहोल पुंगळीबरोबर डायमध्ये वर सरकते, खांदा आणि डाय यांच्यामध्ये कोंडले जाते, आणि त्याला दुसरीकडे जागा नसल्याने पितळच आत दबते. अनेक रायफल डायमध्ये या कोंडलेल्या हवेला व द्रवाला वाट म्हणून एक बारीक छिद्र असते. ते जुन्या मेणाने बुजलेले असेल तर थोड्याशा वंगणानेही खळगे पडतात. तेव्हा अधूनमधून डाय उघडून ते छिद्र साफ करावे आणि आतील भिंत अल्कोहोलच्या फडक्याने पुसून घ्यावी. पितळ सर्वांत जास्त दाबले जाते ते पुंगळीच्या बुडाकडच्या भागात, म्हणून वंगणाची खरी गरज तिथे असते, खांद्यावर जवळजवळ नसते. बोटाने मेण लावणाऱ्यांनी तर खांद्याला हातच लावू नये.

मानेच्या आतला भाग अनेकजण विसरतात. पुंगळी डायमधून खाली येताना डायच्या मधल्या दांड्यावरचा फुगीर गोळा मानेतून ओढला जातो. तो कोरडा असेल तर किरकिर ऐकू येते, मान लांबते आणि खांदाही थोडा ओढला जातो. तिरप्या फवाऱ्याने बहुधा भागते. ज्यांना आत ओले काही नको असते ते नायलॉनच्या ब्रशने ग्राफाइटची कोरडी पूड लावतात आणि ती पद्धतही उत्तम आहे.

सरळ भिंतीच्या पिस्तुलाच्या पुंगळ्यांसाठी कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची डाय वापरत असाल तर वंगणाशिवाय चालते. तरीही शंभरेक पुंगळ्यांवर एकदोन फवारे मारले की हात कमी दुखतो. मान अरुंद असलेल्या रायफलच्या पुंगळ्यांना मात्र डाय कार्बाइडची असली तरी वंगण लागतेच.

आता ज्या टप्प्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते त्याकडे येतो. साइझिंग झाल्यावर वंगण पूर्णपणे काढून टाकले पाहिजे. गोळी झाडताना पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागे ढकलणाऱ्या जोराचा काही भाग त्या घर्षणात खर्च होतो. पुंगळी निसरडी असेल तर ही पकड सुटते आणि तो जोर बोल्टवर, म्हणजे काडतुसामागचा भाग बंद करणाऱ्या पोलादी अडसरावर, येतो. वंगण लावलेली काडतुसे जाणूनबुजून वापरणाऱ्या रचनाही झाल्या आहेत; अमेरिकेत जॉन पेडरसन यांच्या रायफलीसाठी काडतुसांवर कठीण मेणाचा पातळ थर दिलेला असे. पण तिथे सगळी यंत्रणाच ते गृहीत धरून आखलेली होती. तुमच्या आमच्या बोल्ट रायफलीत तसे काही नसते. दुसरे कारण म्हणजे मानेच्या आत राहिलेले ओशट वंगण दारूच्या कणांना चिकटते, आणि प्रायमरपर्यंत पोहोचले तर तो दगा देऊ शकतो. मी पुंगळ्या मक्याच्या कणसाच्या भुश्शात १५ ते २० मिनिटे फिरवतो; थोड्याच असतील तर अल्कोहोलने ओलावलेल्या फडक्याने एकेक पुसतो. भुश्शातून काढल्यावर प्रायमरच्या खळग्यातील छिद्र डोळ्यांनी तपासावे. ते जेमतेम २ मिलिमीटरचे असते आणि भुश्शाचा एक कण त्यात नेमका अडकून बसतो. नुसत्या पाण्याने लॅनोलिन निघत नाही. धुवायचेच असेल तर गरम पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब घालावेत आणि पुंगळ्या पूर्ण वाळू द्याव्यात.

पितळ साफ करताना अमोनिया असलेले पॉलिश मात्र टाळावे. याला जुना आणि महागात पडलेला अनुभव आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात दारूगोळा तबेल्यांमध्ये साठवला जाई आणि नंतर काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकलेल्या आढळत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि पितळ घडवताना त्यात राहिलेला ताण यांचा हा परिणाम आहे, याचा उलगडा १९२१ साली झाला. साइझिंग केलेल्या पुंगळीतही असा ताण असतोच.

स्प्रेऐवजी बोटाने लावायचे मेण करायचे असेल तर लॅनोलिनच्या ३ भागांत १ भाग शुद्ध एरंडेल गरम पाण्यावर मिसळून डबीत भरावे. एरंडेलाचा थर दाबाखाली चांगला टिकतो, आणि इतर वनस्पती तेलांसारखे ते अल्कोहोलशी वैर धरत नाही, त्यामुळे काहीजण ते थोडेसे स्प्रेच्या द्रावणातही घालतात. मी घालत नाही, कारण पुसायला वेळ लागतो. मोठ्या मॅग्नम पुंगळ्यांना आणि घडवून वेगळ्या मापाच्या करायच्या पुंगळ्यांना मी मेणच लावतो. प्रत्येकीला बोटाचा नुसता पुसट स्पर्श पुरतो. खरे सांगायचे तर महिन्याला वीसपंचवीस पुंगळ्याच करणाऱ्याने घरी काही बनवण्याच्या भानगडीत पडू नये. विकतच्या मेणाची एक लहान डबी त्याला वर्षानुवर्षे पुरेल. शेकड्याने काम करणाऱ्यालाच स्प्रेचा फायदा आहे.

स्वयंपाकाचे तेल, इंजिनाचे तेल, गंज सोडवणारे पातळ फवारे यांविषयीही तुम्ही विचारले आहे. स्वयंपाकाचे तेल हवेने घट्ट होऊन डायमध्ये राळेसारखे बसते. इंजिनाचे तेल या दाबाखाली पुरत नाही. पातळ फवारे तर सगळीकडे झिरपतात आणि प्रायमर निकामी करतात. पेट्रोलियम जेलीने एखाद्या अडीअडचणीच्या दिवशी निभावेल, पण तिच्यावर शंभर पुंगळ्या करायला मी धजावणार नाही.

उरला प्रश्न डायमध्ये अडकलेल्या पुंगळीचा. दांड्यावर आणखी जोर देऊ नका. शेलहोल्डर, म्हणजे प्रेसवर पुंगळीचे बूड धरणारा भाग, बुडाची कड फाडून मोकळा होईल आणि पकडायलाही काही उरणार नाही. माझ्या पहिल्या ३०-०६ या रायफल काडतुसाच्या पुंगळीचे नेमके हेच झाले. डाय प्रेसमधून काढा. आधी जुना प्रायमर निघालेला आहे याची खात्री करा. तो आत असेल आणि जिवंत असण्याची शंका असेल तर ड्रिल लावायचे नाही, जाणत्या माणसाकडे न्यायचे. मग डायमधला गोळा असलेला दांडा जितका वर घेता येईल तितका घ्या, म्हणजे ड्रिल आतल्या गोळ्याला लागणार नाही. प्रायमरच्या खळग्यातून ५ मिलिमीटरचे छिद्र पाडून एम-६ चे आटे पाडा. बुडापेक्षा रुंद तोंडाची एखादी आखूड नळी डायच्या तोंडावर टेकवा, त्यावर जाड वॉशर ठेवा आणि त्यातून एम-६ चा बोल्ट पुंगळीच्या आट्यांत घालून हळूहळू आवळत जा. पुंगळी सरळ बाहेर ओढली जाते. डाय रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्याने पुंगळी सुटते असे सांगितले जाते. मला त्याचा एकदाच उपयोग झाला आणि तोही बहुधा योगायोग असावा.

पुंगळी निघाल्यावर डायच्या आत उजेड धरून पाहा. पितळाची सोनेरी रेघ दिसली तर ती तशीच ठेवून काम सुरू करू नका, कारण पुढची पुंगळी तिथेच धरेल. लाकडी काडीवर फडके गुंडाळून, धातूच्या सौम्य पॉलिशने (अमोनिया नसलेल्या) ती रेघ निघेपर्यंत घासा आणि अल्कोहोलने डाय धुऊन घ्या. त्यानंतरच्या पहिल्या दोनतीन पुंगळ्या स्प्रेवर न सोडता बोटाने मेण लावून चालवा, आणि दांडा मध्येच जड वाटला तर तिथूनच मागे घेऊन पुन्हा वंगण लावा. खळगे पडलेल्या पुंगळ्यांपैकी ज्यांचा खळगा उथळ आणि गोलसर आहे त्या ठेवायला हरकत नाही, पुढच्या वेळी झाडल्यावर तो आपोआप सपाट होतो. ज्यांच्यावर धारदार घडी पडली आहे त्या चेपून मोडीत टाका.